चिठ्ठी पडली, छपाई राहिली!



पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या चौथीच्या वर्गाने रोपं करायचं ठरवलं. मुलांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन आणल्या. नावाच्या चिठ्ठ्यांना कोरी जागा हवी, म्हणून मी पिशव्या उलट्या करायला लावल्या. छपाई आत, पांढरी बाजू बाहेर. चिठ्ठ्या डिंकाने चिकटवायचं काम सुमनकडे दिलं.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर काय, डिंक वाळला आणि चिठ्ठ्या खाली! "ही माझी!" "नाही, माझी!" भांडणं सुरू. मी सुमनवर रागावले, "एक काम धड करत नाहीस!"

ती पिशवीच्या छापील बाजूवर नख घासत हळूच म्हणाली, "बाई, मग ही छपाई का निघत नाही?"

मला उत्तर येईना. त्या रात्री पुस्तकं काढून बसले.

दुधाची पिशवी बहुधा दोन प्रकारच्या पॉलिथिनच्या मिश्रणाची असते. एक फुगवून पातळ करायला सोपं, दुसरं ओढलं तरी लवकर न फाटणारं. पण दोघांचेही रेणू म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. त्यांना पाण्याची ओढ नाही. डिंक पाण्यात भिजवलेला, तो तिथे पसरतच नाही. आणि जे नीट पसरत नाही, ते घट्ट चिकटतही नाही.

मग शाई कशी चिकटते? कारखान्यात छपाईआधी पिशवीच्या बाहेरच्या बाजूजवळ हजारो व्होल्टची वीज हवेत तडतडवतात. त्यामुळे हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरच्या रेणूंना जोडला जातो आणि शाईला पकड मिळते. पिशवीची जाडी सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. त्यातला बदललेला थर हजाराव्या भागाहूनही पातळ! आतली बाजू मात्र तशीच ठेवतात, कारण ती उष्णतेने एकमेकींना जोडून पिशवी बंद करायची असते.

म्हणजे चूक सुमनची नव्हतीच. पिशव्या उलट्या करायची कल्पना माझी! दुसऱ्या दिवशी मी ते सगळ्या वर्गासमोर सांगितलं. सुमन लाजली, पण उपायही तिनेच सुचवला. आता आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून त्या मातीत खोचल्या आहेत.

करून पाहा : काचेवर आणि धुतलेल्या दुधाच्या पिशवीच्या आतल्या बाजूवर पाण्याचा एकेक थेंब ठेवा. कुठला पसरतो, कुठला गोळा होऊन बसतो? आईबाबांनाही दाखवा. विजेचा प्रयोग मात्र कारखान्यातच बरा, घरी मुळीच नको!

तुमच्या बाई