हिशेबाची वही : ग्राफिक्स कार्ड घेताना



या सदरातून आजवर मुदतठेवी, कर्जे, विमा, वारसनोंद अशा विषयांची चर्चा झाली. या वेळचा विषय काहींना पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु परीक्षा आटोपल्या की अनेक घरांत हल्ली एकच मागणी उठते : खेळांसाठी संगणकाला चांगले ग्राफिक्स कार्ड हवे. मागणीचा आकडा काही हजारांवर थांबत नाही. वडील मंडळींना या वस्तूची पारख नसते. त्यामुळे एकतर साफ नकार मिळतो, नाहीतर कटकट नको म्हणून पैसे मोजून दिले जातात. ज्या घरात तळहातावर दाणा घेऊन धान्याची प्रत सांगितली जाते, कापडाचा पोत बोटांनी ओळखला जातो, त्या घरात एवढी खरेदी विनापारख व्हावी हे उचित नव्हे. मुलांनी किती वेळ खेळावे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आपण येथे फक्त खरेदीचा विचार करू.

कार्डाची गरज आहे काय?

संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते. खेळात ते चित्र सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने काढावे लागते. हे आकडेमोडीचे काम मुख्य प्रोसेसरवर न टाकता स्वतंत्रपणे करणारी यंत्रणा म्हणजे ग्राफिक्स कार्ड. हिशेबाचे सॉफ्टवेअर, पत्रव्यवहार, ऑनलाइन वर्ग, चित्रपट यांपैकी कशालाही वेगळे कार्ड लागत नाही. अनेक प्रोसेसरांत साधी चित्रयंत्रणा अंगभूतच असते आणि व्हॅलोरंटसारखे हलके खेळ तिच्यावरही बेताच्या दर्जात चालतात. तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा : नेमके कोणते खेळ खेळायचे आहेत? त्यांची नावे कागदावर लिहून घ्यावीत. प्रत्येक खेळाचा निर्माता किमान आणि योग्य यंत्रसामग्री जाहीर करतो. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा खेळ रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांच्या गणिताची सोय नसलेल्या कार्डावर चालू शकत नाही. असा खेळ यादीत असेल तर जुनी जीटीएक्स मालिका आपोआप बाद होते, मग ती कितीही स्वस्त मिळो.

आधी पडदा पाहावा

दुसरा प्रश्न कार्डाचा नसून पडद्याचा आहे. फुल एचडी पडद्यावर १,९२० गुणिले १,०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. २,५६० गुणिले १,४४० च्या पडद्यावर ते सुमारे ३६.९ लाख होतात आणि फोर-के पडद्यावर सुमारे ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. जितके ठिपके अधिक, तितके काम अधिक. घरात फुल एचडी पडदा असताना फोर-केसाठी बनवलेले कार्ड घेणे म्हणजे हातगाडीभर मालासाठी दहा चाकी ट्रक ठरवणे होय. तसेच पडदा ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला साठच चित्रे दाखवू शकतो. कार्डाने एकशे वीस काढली तरी डोळ्यांपर्यंत साठच पोहोचतात. बेताच्या अंदाजपत्रकात बहुतेक कुटुंबांसाठी फुल एचडी हेच योग्य माप आहे.

नाव एक, माल दोन

व्यापारी वाचकांनी सर्वाधिक सावध राहावे ते येथे. या बाजारात एकाच नावाखाली दोन प्रतींचा माल विकला जातो, आणि तोही उघडपणे, खुद्द उत्पादकांकडून. एनव्हिडियाने २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० हे कार्ड ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन रूपांत आणले. फरक फक्त स्मृतीचा आहे असे नावावरून वाटे. प्रत्यक्षात लहान कार्डातील गणनाघटकही १,२८० ऐवजी १,१५२ होते. आरटीएक्स ३०६० हे २०२१ मध्ये १२ जीबी स्मृती आणि १९२ बिटांची वाट घेऊन आले; पुढच्याच वर्षी त्याच नावाचे ८ जीबीचे कार्ड आले, त्याची वाट १२८ बिटांची. आरटीएक्स ३०५० चेही तसेच : २०२२ चे कार्ड ८ जीबी आणि २,५६० घटकांचे, तर २०२४ चे ६ जीबी आणि २,३०४ घटकांचे. दुकानदार "३०६० आहे, घेऊन जा" असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तो अर्धे बोलत असतो. म्हणून बिलावर मालिकेचे नाव, जीबी, कंपनीचे नाव आणि अनुक्रमांक या चारही गोष्टी लिहून घ्याव्यात.

स्मृतीविषयी थोडे अधिक. खेळातील भिंती, झाडे, चेहरे यांची चित्रे कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत ठेवली जातात. ती कोठी भरली की उरलेला माल संगणकाच्या मुख्य स्मृतीतून आणावा लागतो आणि खेळ अडखळू लागतो. आज फुल एचडीसाठी ८ जीबी हे कामचलाऊ माप आहे, ४ जीबी अपुरे आहे आणि चार-पाच वर्षांची सोय पाहणाऱ्याने १२ किंवा १६ जीबीचा विचार करावा. इंटेलने डिसेंबर २०२४ मध्ये आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड २४९ डॉलरला आणले. जून २०२५ मध्ये एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी आले; त्याची ८ जीबी आवृत्ती २९९ डॉलरची आणि १६ जीबी ३४९ डॉलरची. हे अमेरिकेतील आरंभीचे, कर सोडून असलेले भाव होत. आपल्याकडे आयात आणि जीएसटी धरून आकडा बराच वाढतो. परंतु दोन आवृत्त्यांमधील प्रमाण ध्यानात येते. एक षष्ठांश अधिक देऊन कोठी दुप्पट मिळत असेल, तर तो अधिकचा खर्च वाया जात नाही.

जुन्या यंत्राला पेलवेल काय?

दुकानातील जुना संगणक घरी आणून त्यात कार्ड बसवण्याचा बेत अनेक जण करतात. बेत चांगला आहे, पण तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, वीजपुरवठ्याची पेटी. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. त्याहून अधिक हवी असल्यास पेटीतून वेगळी तार लागते. कार्यालयीन संगणकात ती तार बहुधा नसते. अशा यंत्रासाठी ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० उपयोगी पडते, कारण त्याची भूक ७० वॅटची आहे. मघाशी हीच आवृत्ती आपण कमी प्रतीची म्हणून ओळखली. पण गिऱ्हाइकाच्या गरजेला बसणारा हलका माल हा वाईट माल नव्हे, फक्त त्याचा भाव हलक्या मालाचा असावा. त्याउलट आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात आणि आर्क बी५८० ला १९०. निकृष्ट पेटीवर असे कार्ड लावणे म्हणजे सगळा संगणक पणाला लावणे. बचत करायची ती पेटीत करू नये.

दुसरी गोष्ट, खाच आणि प्रोसेसर. २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त म्हणून अनेकांनी घेतले. त्याला डेटाच्या ये-जा करण्यासाठी चारच मार्गिका आहेत. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या खाचेत त्या मार्गिकांचा वेग निम्मा होतो आणि कार्ड मंदावते. म्हणजे ज्या जुन्या यंत्रासाठी स्वस्त कार्ड शोधावे, तेथेच ते कमी पडते. आर्क बी५८० ला रिसायझेबल बार नावाची सोय मदरबोर्डात असावी लागते आणि जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग बराच घटतो. तिसरी गोष्ट अगदी साधी : पेटाऱ्यातील जागा. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. फूटपट्टीने आधी मोजून घ्यावे.

भाव कशाने मोजावा?

आपण साखरेचा भाव किलोवर आणि कापडाचा मीटरवर ठरवतो. कार्डाचा भाव दर चित्रामागे ठरवावा. ज्या खेळाची यादी केली, त्यात आपल्या पडद्याच्या मापावर कार्ड सेकंदाला सरासरी किती चित्रे काढते, हे स्वतंत्र चाचण्यांतून पाहावे आणि किमतीला त्या आकड्याने भागावे. उदाहरणादाखल, १८,००० रुपयांचे कार्ड ५० चित्रे देत असेल तर दर चित्राला ३६० रुपये पडले. २४,००० चे कार्ड ८० देत असेल तर ३०० रुपये, आणि ३०,००० चे ९० देत असेल तर सुमारे ३३३ रुपये. येथे सर्वांत स्वस्त कार्ड हेच सर्वांत महाग ठरले. सरासरीबरोबर किमान आकडाही पाहावा. सरासरी उत्तम आणि किमान खालावलेला असेल तर खेळ मधूनमधून अडतो.

खोक्यावरील आकड्यांवर मात्र विसंबू नये. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे आधीच्या १,५९९ डॉलरच्या आरटीएक्स ४०९० च्या तोडीचे असल्याचे सांगितले. त्या तुलनेत फ्रेम जनरेशन धरलेले होते. या पद्धतीत त्या वेळी एका प्रत्यक्ष काढलेल्या चित्रामागे तीनपर्यंत चित्रे अंदाजाने रचून मध्ये घातली जात. ती सोय निरुपयोगी नाही, चित्र डोळ्यांना नितळ दिसते. पण बोटांच्या हालचालीला खेळ जो प्रतिसाद देतो, तो प्रत्यक्ष चित्रांच्या वेगाने देतो. वजनात बारदान धरून माल मोजण्यासारखेच हे आहे. तुलना करताना निव्वळ वजन घ्यावे.

विजेचा खर्चही याच वहीत लिहावा. आरटीएक्स ४०६० ची मर्यादा ११५ वॅट, आर्क बी५८० ची १९० वॅट; फरक ७५ वॅटचा. रोज तीन तास पूर्ण भाराने चालवल्यास वर्षाला सुमारे ८२ युनिट अधिक जातील. युनिट दहा रुपये धरले तर वर्षाला ८२० आणि चार वर्षांत ३,२८० रुपये. एवढ्याने निर्णय फिरेलच असे नाही, पण दोन कार्डांच्या भावात दोन हजारांचाच फरक असेल तर तो फिरतो.

वापरलेले कार्ड

जुन्या बाजारात भाव आकर्षक असतात. त्याचे एक कारण असे की इथेरियम या आभासी चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये आपली पद्धत बदलली आणि त्याच्या उत्पादनासाठी रात्रंदिवस राबवलेली कार्डे विक्रीला आली. ती सगळीच वाईट नसतात, पण त्यांचे पंखे झिजलेले आणि स्मृती तापून गेलेली असू शकते. शिवाय जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकण्याचेही प्रकार आहेत. जीपीयू-झेड हे विनामूल्य सॉफ्टवेअर अशी बनावट कार्डे पुष्कळदा ओळखून दाखवते. पैसे देण्यापूर्वी कार्ड समोर बसवून अर्धा तास जड खेळ चालवावा, तापमान पाहावे, मूळ बिल आणि उरलेली वॉरंटी मागावी. जीटीएक्स १०६० च्या पिढीचे कार्ड आता घेऊ नये. नव्या खेळांसाठीची ड्रायव्हर सुधारणा एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीसाठी थांबवली आहे.

हप्ता आणि बिल

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की ऑनलाइन दुकान, 'नो-कॉस्ट' हप्त्याची पाटी सर्वत्र दिसते. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच खरी नसते, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच घेतली होती. आजच्या योजनेत बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट आधी देतो. समजा व्याज १,५०० रुपये आहे. ते सुटीने भरून निघाले, तरी क्रेडिट कार्डावरील त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७० रुपये, आपल्याच खिशातून जातात. प्रक्रिया शुल्क असल्यास ते वेगळे. खरा प्रश्न दुकानदाराला विचारावा : रोखीने काय भाव? दोन भावांतील फरक हेच आपले व्याज.

आता बिलाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. २९,५०० रुपयांच्या कार्डात २५,००० मूळ किंमत आणि ४,५०० जीएसटी असतो. मुलाच्या खेळासाठी घेतलेले कार्ड पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घेऊन हे ४,५०० रुपये परत मिळवण्याचा मोह होतो. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १७(५) नुसार वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवर कराची वजावट मिळत नाही. पडताळणीत आढळल्यास ती व्याजासह परत करावी लागते, प्रसंगी दंडही होतो. दागिन्यांची आरेखने, मालाची चित्रे वा जाहिरातीचे व्हिडिओ यांसाठी पेढीत खरोखर वापर असेल तर वजावट जरूर घ्यावी. पण घरच्या खोलीतील खेळाचे यंत्र पेढीच्या खर्चात दाखवल्याने कर तर बुडतोच. शिवाय ज्या मुलाने उद्या ती पेढी सांभाळायची, त्याला हिशेबाचा पहिला धडा चुकीचा मिळतो. तो धडा ४,५०० रुपयांना फार महाग पडतो.

माझी सूचना अशी. मुलाला किंवा मुलीला नकारही देऊ नये आणि पैसेही लगेच देऊ नयेत. एक रकाना आखलेला कागद द्यावा : खेळांची नावे, पडद्याचे माप, पेटीचे वॅट, तीन कार्डांची पूर्ण नावे जीबीसह, दर चित्रामागे भाव, वॉरंटीची वर्षे, रोखीची किंमत. अंदाजपत्रक आधीच ठरवून सांगावे आणि त्यात पेटी बदलण्याचा खर्चही धरायला लावावा. तो कागद भरून आला की शेजारी बसून, बँकेत कर्जप्रस्ताव तपासतात तसा, एकेक रकाना विचारावा. उत्तरे समाधानकारक असतील तर पैसे आनंदाने द्यावेत. नसतील तर कागद परत करावा आणि आठ दिवसांनी पुन्हा बसावे. तोवर बाजारात कार्डे संपणार नाहीत.