माझी बातमी हा पुरावा नाही

महिन्यापूर्वी पाथर्डी फाट्यावर एका ओळखीच्या पोराने गाडी थांबवली. अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, सेकंड शिफ्ट सुटून घरी चालला होता. खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत काळ्या कापडी चौकोनावर लाल गरुड. "दादा, आजोबांच्या डिव्हिजनचा बॅज. दुसऱ्या महायुद्धातला, ओरिजिनल. साडेसहा हजाराला घेतला. विकणाऱ्याने तुमच्याच बातमीचं कात्रण दाखवलं म्हणून विश्वास बसला."

कात्रण माझंच होतं. वर्षभरापूर्वीचं, तीन कॉलम, फोटोसकट. 'महायुद्धातील दुर्मीळ लष्करी चिन्हे शहरात.' त्या प्रदर्शनात मी वीस मिनिटं होतो. चहा प्यायलो, फोटो काढला, मांडणारा जे बोलला ते उतरवून घेतलं. एका तोंडची गोष्ट छापू नये हे डिप्लोमाच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पण 'शौर्य' शब्द आला की आम्हा पत्रकारांची प्रश्न विचारायची हिंमत जाते. त्या माणसाने कात्रण लॅमिनेट केलं आणि टेबलावर उभं केलं. वर त्याच्याकडे होलोग्राम लावलेलं सर्टिफिकेटही आहे. ते देणारा तोच, विकणाराही तोच!

पोराच्या घरी गेलो. आजीच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा डिस्चार्जचा कागद निघाला. मराठा लाइट इन्फन्ट्री, पहिली बटालियन, इटली. इथेच विषय संपला होता. ही बटालियन इटलीत आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये लढली. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच बटालियनचे, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातले. आठव्या डिव्हिजनच्या बॅजवर गरुड नाही, तीन पिवळी फुलं होती. लाल गरुड चौथ्या डिव्हिजनचा. त्या डिव्हिजनमध्येही मराठे होते, १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा दुसरी बटालियन तिथे होती. म्हणून 'आजोबा मराठा रेजिमेंटला होते' एवढ्यावर बॅज ठरत नाही. कोणती बटालियन, कोणतं साल, कोणती आघाडी, हे आधी लागतं.

विकणाऱ्याला हे माहीत नसेल? असेल. पण फुलं विकली जात नाहीत, गरुड विकला जातो.

मग कापडाकडे वळलो. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी आणली, अंधार केला. काठाचा दोरा निळसर पांढरा चमकला. कपडे उजळ करणारी रसायनं युद्धानंतर सर्रास वापरात आली, त्यामुळे त्या काळचा साधा सुती दोरा सहसा असा चमकत नाही. पण थांबा, एवढ्यावर निकाल देऊ नका. आपल्या आया-आज्यांनी टिनोपाल वापरलंय. टिनोपाल म्हणजे तेच रसायन. आजोबांचा खरा शर्ट आजीने टिनोपालमध्ये बुडवला असेल, तर खरा बॅजही चमकेल. म्हणून बॅटरीने फक्त संशय घ्यायचा.

संशय पक्का झाला तो दुसऱ्या गोष्टींनी. सुटलेला एक धागा पोराच्याच परवानगीने जाळला. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख होते. हा वितळला आणि त्याची कडक गोळी झाली. म्हणजे पॉलिएस्टर. इटलीत लढाई चालू असताना पॉलिएस्टरचा दोरा बाजारात आलेलाच नव्हता. मागून बघितलं तर पुढचा गरुड जेवढा पिवळट, तेवढीच मागची बाजूही. खांद्यावर शिवलेला बॅज उन्हाने पुढून उडतो, मागचा रंग त्यामानाने ताजा राहतो. दोन्हीकडून सारखा जुना दिसणारा बॅज बहुतेक वेळा चहाच्या पाण्यातून निघालेला असतो. शिलाईची भोकं तर कुठेच नव्हती. अर्थात कोठारात पडून राहिलेले, कधीच न शिवलेले खरे बॅजही असतात, त्यांना भोकं कुठून येणार? पण मग 'इटलीत आजोबांसारख्या जवानाच्या खांद्यावर होता' ही कहाणी कशाला सांगता?

उलट बाजूही सांगतो. ओबडधोबड आहे म्हणून खोटा, असंही नाही. युद्धात एकच नमुना, एकच कारखाना असं नव्हतं. काही मशीनवर भरलेले, काही फेल्ट कापून फेल्टवर शिवलेले, काही सरळ कापडावर छापलेले, काही छावणीजवळच्या शिंप्याने हाताने केलेले. दोन खरे बॅज एकमेकांसारखे नसतात, आणि कॉम्प्युटरवर भरलेले शंभर खोटे अगदी एकसारखे असतात.

अजून एक फसवा प्रकार. बॅज सैन्याचाच, साल मात्र खोटं. लाल गरुड आजही भारतीय सैन्याच्या चौथ्या डिव्हिजनचं चिन्ह आहे. साठ-सत्तरच्या दशकातला बॅज '१९४४ चा' म्हणून खपवला, तर चिन्ह खरं, सैन्य खरं, फक्त तारीख खोटी. पैसे मात्र तारखेचेच घेतात.

कोणी म्हणेल, एवढ्याशा चिंधीवरून एवढं? नकला बनवणाऱ्यांवर माझा राग नाही. बनारसच्या जरदोजी कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या देशोदेशींच्या सैन्यांसाठी बिल्ले भरलेत, ते कष्टाचं काम आहे. नक्कल म्हणून दोनशेला विका, मीही घेईन. पण नकलेवर साल चिकटवून साडेसहा हजार घेणं ही फसवणूक आहे, आणि आपल्याकडे ती अडवणारं कुणी नाही. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा साधारण शंभर वर्षांपलीकडच्या वस्तू बघतो, दुसरं महायुद्ध त्यात अजून बसत नाही. नाण्यांसाठी अंजनेरीला अख्खी संशोधन संस्था आहे. देवळालीचा कॅम्प हाकेच्या अंतरावर असून सैनिकांच्या कापडी खुणांसाठी नाशकात विचारायला एक खिडकी नाही. ती जागा होलोग्रामवाल्यांनी घेतली. आणि निवडणूक जवळ आली की 'शौर्य दालन' उघडणारे इच्छुक त्यांना फुकट मंडप देतात. दालनातल्या एका वस्तूखाली तरी ती कुठून आली हे लिहिलेलं असतं का? मी तरी पाहिलं नाही. आणि मी विचारलंही नाही, हे आधी कबूल करतो.

वाईट याचं वाटतं की त्या घरात खरी गोष्ट होती. तो पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला कागद. तो तीन पिढ्या पेटीत पडून होता आणि गरुड फ्रेममध्ये जाणार होता. पोराने विचारलं, "मग आजोबांचा बॅज कुठे गेला असेल?" आजी म्हणाल्या, खाकी शर्टाची त्यांनी दुपटी शिवली होती.

तर घरात कोणी महायुद्धात असेल, तर बाजारात जायच्या आधी पेटी उघडा. नंबर, बटालियन, साल वहीत उतरवा, कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. लॅमिनेशन करू नका, कागद खराब होतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, मराठा रेजिमेंट असेल तर बेळगावच्या सेंटरला पत्र लिहा. उत्तराला वेळ लागेल. विकणाऱ्याला मागची बाजू दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर निघा.

पोराचे पैसे परत मिळालेले नाहीत. 'बातमी आलीय ना पेपरला' एवढंच उत्तर आहे. दुरुस्ती मी लिहून दिली, ती आतल्या पानावर चार ओळींत आली. म्हणून इथे माझ्या नावाने लिहितोय. त्या टेबलावरचं कात्रण माझं आहे, त्यातली माहिती मी तपासलेली नव्हती. कुठे दिसलं तर ही पोस्ट त्याच्यासमोर धरा.