वर्ध्याच्या उन्हात बर्फाची मशीन बंद पडली की ‘गॅस संपलाय’ हे उत्तर पुरेसं का नाही?

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत हॉटेल, ज्यूस सेंटर, लग्नाचे लॉन इथल्या आईस क्यूब मशीन बंद पडतात. मेकॅनिक येतो, गेज लावतो आणि सांगतो, ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ गॅस भरला की मशीन चालते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. हा प्रकार आजवर फक्त खर्चिक होता. आता तो आणखी महाग पडू शकतो, आणि त्याचं कारण वर्ध्यात नाही.

आधी साधी गोष्ट. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि इव्हॅपोरेटर यांच्या बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे.

आणि बऱ्याचदा गॅस कमी झालेलाच नसतो. बाहेर ४५ अंश असताना कंडेन्सरमधल्या गॅसला साधारण ६० अंशांवर द्रव व्हावं लागतं. जुन्या मशीनमधल्या आर-२२ गॅसचा दाब तेव्हा २४ बारच्या आसपास जातो. ४५ अंशांवर द्रव होताना तो १७ बार असतो. त्यात कंडेन्सरवर धुळीचा थर आणि मशीन भिंतीला चिकटून, भट्टीच्या शेजारी! कॉम्प्रेसर तापून ट्रिप होणारच. इथे गॅस नको, ब्रश हवा. बोअरच्या पाण्यातले क्षार इव्हॅपोरेटरवर साचले, तरी बर्फ साच्यातून सुटत नाही आणि दोष पुन्हा गॅसवर जातो.

मग २०२५ मध्ये काय बदललं?

आर-२२ ओझोनच्या थराला इजा करतो. त्यामुळे १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली विकसनशील देशांनी या गटातल्या गॅसचा वापर २०२५ पर्यंत ६७.५ टक्क्यांनी कमी करायचा होता. २०३० नंतर फक्त दुरुस्तीसाठी अगदी थोडा वाटा उरेल, तोही २०४० पर्यंत. भारतात नवी यंत्रं बनवताना हे गॅस वापरणं २०२४ अखेरीस थांबवण्यात आलं. तुमची जुनी मशीन बेकायदा झालेली नाही, तिची दुरुस्तीही करता येते. पण दरवर्षी गळून जाणारा गॅस दरवर्षी सहज मिळेल, हे गृहीत धरता येणार नाही.

नवी मशीन घेतली की सुटलो, असंही नाही. व्यावसायिक बर्फाच्या मशीनमध्ये सर्रास दिसणारा आर-४०४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट ताकदीचा आहे. एक किलो गळला, तर जवळपास चार टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. किगाली दुरुस्तीनुसार (भारताची मंजुरी २०२१) या गटाचा वापर २०२८ पासून गोठवायचा आणि २०३२ पासून उतरवायचा आहे.

तिसरा पर्याय आर-२९०, म्हणजे प्रोपेन. हवामानाला जवळजवळ निरुपद्रवी, पण ज्वलनशील. त्याच्यासाठी बनवलेल्या मशीनमध्ये तो ठीक आहे. आर-२२ च्या मशीनमध्ये ‘स्वस्तात’ भरून दिला, तर गळती आणि रिलेची एक ठिणगी हॉटेलच्या स्वयंपाकघरात पुरेशी ठरेल. असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

केंद्राच्या २०१९ च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये २०२२-२३ पर्यंत एक लाख टेक्निशियनना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. पण प्रश्न फक्त प्रशिक्षणाचा नाही. नीट दुरुस्तीला अर्धा दिवस लागू शकतो: नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने गळती शोधायची, जोड ब्रेझिंगने बंद करायचा, फिल्टर ड्रायर बदलायचा, व्हॅक्यूम पंप लावून हवा आणि ओल काढायची आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. व्हॅक्यूम टाळला तर आत राहिलेली ओल गोठून बारीक नळी तुंबते. दुपारच्या गर्दीच्या आत मशीन सुरू हवी असते, मालक अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायला तयार नसतो आणि मेकॅनिक सिलिंडर जोडून मोकळा होतो. सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

पुढच्या वेळी बिलावर तीन गोष्टी लिहून मागा: गळती कुठे सापडली, कोणता गॅस भरला आणि किती ग्रॅम. मशीनच्या पाटीवर छापलेल्या आकड्याशी तो ताडून बघता येतो.