घर विकण्याआधी इमारतीचे दुखणे पाहा

सोसायटीतला जुना फ्लॅट विकायला काढला की आपली माणसे आधी रंगाऱ्याला बोलावतात. ओल आलेल्या भिंतीवर लांबी, फुगलेल्या छतावर प्लास्टर आणि वर पांढरा रंग! गिऱ्हाईक रोखीने घेत होते तेव्हा हे खपून जाई. आता बहुतेकजण कर्ज काढून घर घेतात आणि बँक आपला व्हॅल्युअर पाठवते. त्याला दिवाणखान्याच्या रंगाशी देणेघेणे नसते. जिन्याखालचा कॉलम फुटला आहे काय, बीममधून गंजलेल्या सळ्या दिसतात काय, इमारत आणखी किती वर्षे टिकेल, हे तो पाहतो. कर्ज २० वर्षांचे आणि इमारतीचे उरलेले आयुष्य १० वर्षांचे असेल, तर बँकेने पैसे द्यावेत कशाच्या तारणावर?

विक्रेत्याची अडचण अशी की कॉलम, बीम, गच्ची हे सारे सामाईक. एकट्याने दुरुस्त करतो म्हटले तरी करता येत नाही. आणि कमिटी म्हणते, "ऑडिट केले तर भाव पडतील." आमच्या मते भाव पाडते ती ही टाळाटाळच. महाराष्ट्रातील सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी व्हायला हवे. मुंबईत इमारत 'सी-१' वर्गात गेली तर ती रिकामी करून पाडायची असते. तेथे प्रश्नच वेगळा. पण 'सी-२ ब' किंवा 'सी-३' म्हणजे घरे रिकामी न करता दुरुस्ती होण्याजोगी. तसा अहवाल आणि दुरुस्तीचा ठराव हाती असला तर बँकेशी निदान बोलता येते. कागदच नसेल तर कर्ज अडते, सौदा मोडतो आणि इसाराच्या रकमेवरून वाद सुरू होतो.

दुरुस्तीची वर्गणी मंजूर झालेली असेल तर ती कोणी भरायची, हे साठेखतातच लिहून घ्यावे. "नंतर बघू" म्हणणारे पुढे सोसायटीच्या कचेरीत भांडताना दिसतात.

विक्रेत्याचेच घर गहाण असेल तर आपल्या बँकेकडून बाकीचे पत्र आधीच आणावे. खरेदीदाराची बँक ती रक्कम थेट तेथे भरू शकते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशाप्रमाणे पूर्ण फेडीनंतर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. फेडीची पावती तारखेसह जपून ठेवावी, म्हणजे दिवस मोजता येतील.