यूपीएस म्हणजे कोपऱ्यातला डबा नव्हे!

आपल्या जमातीची एक गंमत आहे. दोन ओळींचा कोड बदलायचा असला तरी आपण रिव्ह्यू मागतो, टेस्ट लिहितो, शुक्रवारी संध्याकाळी काही डिप्लॉय करायचं नाही असले नियम भक्तिभावाने पाळतो. आणि त्याच ऑफिसात, त्याच सर्व्हरसाठी, चाळीस किलोचा रॅकमधला यूपीएस येतो तेव्हा आपलं म्हणणं एवढंच असतं, "तो इलेक्ट्रिशियन बघून घेईल रे."

इलेक्ट्रिशियन कोण? परवा पँट्रीतला पंखा लावून गेला तोच. उचलायला कोण? ऑफिस बॉय आणि वॉचमन. आणि बघायला कोण? कोणीच नाही. आपण हेडफोन लावून 'हाय अव्हेलेबिलिटी'चं डिझाईन डॉक्युमेंट लिहीत असतो.

मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. आज शनिवार आहे, वेळ आहे, तेव्हा तो इथे काढतो.

याचं मूळ मला वाटतं आपल्या घरातल्या इन्व्हर्टरमध्ये आहे. महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले. कोपऱ्यात ट्रॉली, तिच्यावर बॅटरी, दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घाला, झालं. बॅकअप म्हणजे कोपऱ्यातला डबा, हे तेव्हापासून डोक्यात बसलं. ऑफिसचा यूपीएस म्हणजे तोच डबा, फक्त जरा मोठा आणि १९ इंची रॅकमध्ये बसणारा!

नाही हो. यूपीएस हा वीज घेणारा डबा नाही, तो वीज देणारा स्रोत आहे. सगळी गोम इथे आहे. एरवी मेन स्विच पाडला की वायर मेली असं आपण धरून चालतो. इथे मेन पाडा, प्लग काढा, काहीही करा, मागच्या सॉकेटवर २३० व्होल्ट तसेच उभे असतात. त्यासाठीच तर तो विकत घेतलाय! पण रॅकच्या मागे हात घालणाऱ्या त्या पोराला हे कोणी सांगितलेलं असतं का? त्याने बिचाऱ्याने मेन बंद केलेला असतो. त्याच्या हिशोबाने तो सुरक्षित असतो.

आता आपला आवडता 'टेस्टिंग'चा प्रकार घ्या. यूपीएस बसवला, सगळे गोळा झाले, आणि कोणीतरी ऐटीत भिंतीतला प्लग उपटतो. दिवे लागलेलेच राहतात, टाळ्या! या नाट्यात एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. प्लगला तीन पिना असतात, आणि त्यातली सगळ्यात जाड पिन अर्थिंगची असते. प्लग उपटला की फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थही तुटला. म्हणजे यूपीएस वीज देतोय, सर्व्हर चालू आहेत आणि रॅकचं सगळं लोखंड अधांतरी. सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधून थोडासा करंट अर्थमध्ये गळतच असतो, तो रचनेचा भाग आहे. त्याला जायला वाट उरली नाही की तो रॅकला हात लावणाऱ्या माणसातून वाट शोधतो. चाचणी करायचीच असेल तर त्या लाईनचा एमसीबी पाडा. फेज जाईल, अर्थ जागेवर राहील. नाहीतर यूपीएसचं स्वतःचं सेल्फ टेस्टचं बटण वापरा. पण बटणाला टाळ्या मिळत नाहीत ना.

याहून भयंकर प्रकार म्हणजे "ईएलसीबी सारखा ट्रिप होतोय" म्हणून अर्थची वायरच काढून टाकणं. एका उपकरणाची गळती थोडी असते, पण दहा-बारा उपकरणांची मिळून बेरीज होते आणि ३० मिलिअँपिअरवर ट्रिप होणारा ईएलसीबी पडू शकतो. यावर उपाय म्हणजे लोड वेगवेगळ्या लाईनवर वाटणं. वायर कापणं हा उपाय नव्हे. ते म्हणजे टेस्ट फेल होते म्हणून टेस्टच डिलीट करण्यासारखं आहे. (हे वाचून इकडेतिकडे बघू नका, तुमच्याबद्दलच बोलतोय!)

पुढचा मुद्दा प्लगचा. ३ केव्हीए म्हणजे ३००० व्हीए, पॉवर फॅक्टर ०.९ असेल तर प्रत्यक्षात २७०० वॉट. पर्चेसवाला व्हीए बघून भाव करतो, सर्व्हर खातो वॉट, आणि या दोन्हींतला फरक सांगायला आपण मीटिंगमध्ये नसतो. एवढा यूपीएस पूर्ण लोडवर भिंतीतून १३-१४ अँपिअर ओढतो, बॅटरी चार्ज होत असेल तर आणखी. त्याला स्वतःची लाईन, स्वतःचा एमसीबी आणि १६ अँपिअरचं सॉकेट हवं. ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर पिन खुपसून नव्हे. आणि यूपीएसच्या मागे एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला दुसरा बोर्ड, त्यावर लेझर प्रिंटर, शेजारी चहाची किटली, ही आपली खास भारतीय वंशावळ तर बंदच करा.

वजनाबद्दल कोणी बोलतच नाही. लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा ३ केव्हीएचा यूपीएस तीस ते पंचेचाळीस किलोचा असतो. तो रॅकमध्ये सगळ्यात खाली बसवायचा, नाहीतर रॅक पुढे कलंडतो. तेवढं वजन पेलणाऱ्या रेलवर बसवायचा, पुढच्या दोन कानांच्या स्क्रूंवर लटकवायचा नाही. आधी बॅटरीचा कप्पा बाहेर काढायचा, रिकामी पेटी दोघांनी उचलायची, ती बसली की मग बॅटऱ्या. हे सगळं माहितीपुस्तिकेत चित्रांसकट असतं. ती पुस्तिका खोक्याबरोबर भंगारात जाते.

बॅटऱ्या जोडताना हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढायचं. १२ व्होल्टच्या सहा-आठ बॅटऱ्या ओळीने जोडल्या की ७२ किंवा ९६ व्होल्ट डीसी होतात, आणि शॉर्ट झालं तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. डीसीची ठिणगी एसीसारखी चटकन विझत नाही. शिवाय उन्हाळ्यात बंद कपाटात कोंडलेली बॅटरी लवकर मरते. २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. फुगलेली बॅटरी दिसली की ती बदलायची असते, वरून दाबून झाकण लावायचं नसतं.

आता तुमचा हुकमी एक्का मला माहीत आहे. "आमचं सगळं क्लाउडवर आहे." छान. फायरवॉल, स्विच, नॅस, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, दाराचं कार्ड मशीन कुठे आहे? जिन्याखालच्या रॅकमध्ये. आणि क्लाउड म्हणजे तरी काय, दुसऱ्याच्या इमारतीतला यूपीएसच. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या डेजॉनमध्ये सरकारी डेटा सेंटरला आग लागली. तिथे काय चाललं होतं? यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्या सर्व्हरपासून दूर हलवायचं काम. म्हणजे सुरक्षिततेसाठीचंच काम! सहाशेहून जास्त सरकारी यंत्रणा बंद पडल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाईलींचा ८५८ टेराबाईटचा साठा जळाला, ज्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. आपल्या रॅकमधल्या लेड-ॲसिड बॅटऱ्या लिथियमसारख्या पेटत नाहीत हे खरं. पण धडा बॅटरीच्या जातीचा नाहीच. जोडताना आणि हलवताना धोका सगळ्यात जास्त असतो, हा धडा आहे.

लंडनचं उदाहरण अजून साधं आहे. २७ मे २०१७ ला ब्रिटिश एअरवेजच्या हीथ्रोजवळच्या डेटा सेंटरचा वीजपुरवठा तुटला आणि मग तो बेशिस्तपणे परत जोडला गेला. नुकसान झालं ते परत जोडताना. सुमारे ७५ हजार प्रवासी अडकले. स्विच कुठल्या क्रमाने पाडायचे आणि चढवायचे याचा एक कागद रॅकवर चिकटवायला काय खर्च येतो?

"मग इलेक्ट्रिशियनवर विश्वास ठेवायचा नाही का?" ठेवायचा ना, पण परवानाधारक. वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हायला हवं, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतच आहे. मात्र कुठला सर्व्हर किती वॉट खातो, काय बंद केलं तर चालेल, किती मिनिटांत नीट शटडाऊन होतो, हे त्याला कुठून कळणार? ते फक्त आपल्याला माहीत असतं. अर्धी माहिती त्याच्याकडे, अर्धी आपल्याकडे, आणि आपण खाली बघून टाईप करतोय. अपघात या मधल्या फटीत होतो.

आणि होतो तेव्हा कोणाला होतो? आपल्याला नाही. आपला एक तास डाऊनटाईम जातो, त्याचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट आपण झोकात लिहितो. कंबर जाते ऑफिस बॉयची. हात भाजतो त्या पोराचा. 'अनइंटरप्टिबल' हवं आपल्याला, किंमत मोजायची त्याने, हा सौदा मला मान्य नाही.

तेव्हा सोमवारी एवढंच करा. रॅकपर्यंत चालत जा. प्लग कुठल्या सॉकेटमध्ये आहे ते बघा. यूपीएस रेलवर आहे की कानांवर लटकतोय ते बघा. बॅटरीवरची तारीख वाचा. मागे "मेन बंद असतानाही इथे वीज असते" असा मराठी आणि हिंदीत, ठळक अक्षरांत कागद लावा. आणि पुढच्या वेळी यूपीएस बसेल तेव्हा त्या माणसांबरोबर उभे राहा. हातही लावा उचलायला. चाळीस किलो म्हणजे काय ते कळेल.