रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

गोळी कोणत्याही हत्यारातून सुटलेली असो, वृत्तपत्राच्या बातमीत ते बहुधा 'पिस्तूल'च असते. फिरत्या चक्रात काडतुसे बसविलेले रिव्हॉल्व्हर आणि मुठीत काडतुसांची पेटी सरकविलेले अर्धस्वयंचलित पिस्तूल यांतील भेद पंचनामा लिहिणाऱ्या फौजदाराला ठाऊक असतो, परवानाधारकाला ठाऊक असतो, आणि इतरांना त्याची गरजही पडत नाही. परंतु स्वसंरक्षणासाठी रोज शस्त्र अंगावर बाळगू पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. अमेरिकेत या प्रश्नावर गेली कित्येक दशके वाद चालू आहे. शस्त्र घेऊन हिंडण्यासाठी विशेष कारण दाखविण्याची न्यूयॉर्क राज्याची अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर तर पूर्वी ज्यांना हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते अशा अनेकांपुढे तो उभा राहिला. भारतात परवाना मिळणे दुष्कर. पण ज्याला तो मिळतो, त्यालाही दुकानाच्या फळीपुढे हीच निवड करावी लागते. बहुतेक जण ती एका कसोटीवर करतात : किती गोळ्या मावतात? ही कसोटी फसवी आहे.

दोन्ही यंत्रांचा स्वभाव आधी समजून घेतला पाहिजे. १८३६ मध्ये सॅम्युएल कोल्टने अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरात पुढे सुधारणा पुष्कळ झाल्या, तरी मूळ कल्पना तीच राहिली. आजच्या रिव्हॉल्व्हरात चाप ओढला की चक्र एका घराने फिरते, घोडा मागे जाऊन सुटतो आणि समोर आलेले काडतूस उडते. हे सगळे काम बोटाच्या बळावर होत असल्यामुळे चाप जड असतो; त्याला साधारण पाच किलोंचा जोर लागतो. काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे काडतूस आपोआप समोर येते. पिस्तुलाची रीत निराळी. उडालेल्या काडतुसाचाच धक्का वरची स्लाइड मागे फेकतो, रिकामे कवच बाहेर टाकतो आणि नवे काडतूस नळीत चढवितो. बोटाचे काम थोडे उरते. एकोणिसशे ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रियातून आलेल्या ग्लॉक पिस्तुलाचा चाप सुमारे अडीच किलोंचा. साहजिकच नेम साधणे सोपे, दुसरी गोळी लवकर सुटते आणि पेटी बदलण्यास दोन-तीन सेकंद पुरतात. मात्र काडतूस फुसके निघाले अथवा कवच अडकले, तर दोन्ही हातांनी स्लाइड खेचून वाट मोकळी करावी लागते.

अमेरिकन पोलिसांनी रिव्हॉल्व्हर का सोडले, याचा इतिहास या वादात नेहमी पुढे केला जातो. एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे दोन गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत महामार्ग पोलिसांचे चार जवान मारले गेले. त्यांपैकी एकाला मृत्यूने गाठले ते सहा गोळ्या संपल्यावर रिव्हॉल्व्हर पुन्हा भरीत असताना. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे आठ जण दोन दरोडेखोरांना भिडले. दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी. या घटनेनंतर एफबीआयने पिस्तुलाची वाट धरली. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ मध्ये नऊ मिलिमीटर पिस्तूल स्वीकारले. निष्कर्ष उघड दिसतो : सहा गोळ्या अपुऱ्या.

पण मायामीची घटना जरा जवळून पाहिली की हा निष्कर्ष इतका सरळ राहत नाही. दरोडेखोराच्या हातात रायफल होती. तिच्यापुढे रिव्हॉल्व्हर काय आणि पिस्तूल काय, दोन्ही तोकडीच. त्याच्या छातीत शिरूनही हृदयाच्या अलीकडे थांबलेली जी गोळी पुढे फार चर्चिली गेली, ती नऊ मिलिमीटर पिस्तुलातून सुटलेली होती. आणि डाव्या हाताची हाडे चिरफाळलेली असताना ज्या अधिकाऱ्याने अखेर ती चकमक संपविली, त्याने आधी एका हाताने बंदूक चालविली आणि मग जे हत्यार उपसले ते सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर होते. एक हात निकामी झालेल्या माणसाला यंत्र अडले तर ते मोकळे करता येणार कसे, याचे उत्तर गोळ्यांच्या संख्येत मिळत नाही.

दुसरे उदाहरण याहून अस्वस्थ करणारे आहे. ४ फेब्रुवारी १९९९ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये आमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. १९ त्याला लागल्या. त्याच्या हातात पैशाचे पाकीट होते. चौघांपैकी दोघांनी प्रत्येकी सोळा गोळ्या उडवून आपली पिस्तुले रिकामी केली. चौघेही पुढे न्यायालयातून निर्दोष सुटले. रिव्हॉल्व्हर असते तर तो तरुण वाचला असता, असे कोणी म्हणू नये; पहिल्या काही गोळ्याच जीव घेण्यास पुऱ्या होत्या. पण भेदरलेल्या माणसाच्या हातात हलका चाप आणि भरलेली पेटी असली म्हणजे भीती किती लांबते, हे त्या आकड्यात दिसते. विशेष म्हणजे याच पोलिस दलाने पिस्तूल स्वीकारताना त्याचा चाप मुद्दाम जड, पाच किलोंच्या वर, करून घेतला होता. रिव्हॉल्व्हर टाकले, पण रिव्हॉल्व्हरचा चाप टाकण्याचा धीर झाला नाही!

पोलिसाची गरज आणि नागरिकाची गरज एक नव्हे, हा मुद्दा या वादात हटकून निसटतो. पोलिसाला पळणाऱ्याचा पाठलाग करावयाचा असतो, आरोपीला ताब्यात घ्यावयाचे असते. मागे हटण्याची मुभा त्याला सहसा नसते. नागरिकाला संकटातून बाहेर पडावयाचे असते. पोलिसाला सरकारी खर्चाने काडतुसे मिळतात, वर्षातून ठराविक वेळा मैदानावर सराव होतो. नागरिकाचे शस्त्र वर्षातले तीनशेहून अधिक दिवस कपाटात अथवा कमरेला असते, आणि उरलेल्या दिवसांतही ते कधी चालविले जाईलच असे नाही. अशा माणसाने यंत्र निवडताना शत्रू किती येतील याचा हिशेब करण्याऐवजी स्वतःच्या हातून कोणती चूक होईल याचा हिशेब करावा.

पिस्तुलाची सर्वांत घातक चूक सर्वज्ञात आहे. मालक पेटी काढून ठेवतो आणि शस्त्र रिकामे झाले असे समजतो. नळीत चढलेले एक काडतूस तसेच राहते. मग साफसफाई करताना किंवा मित्राला दाखविताना चाप ओढला जातो. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडले की सहाही घरे एका दृष्टिक्षेपात दिसतात. फसवणुकीला जागा राहत नाही. ज्या घरात मुले आहेत, तेथे पाच किलोंचा चाप हाही एक छोटा पहारेकरीच असतो. अर्थात तो कुलपाची जागा घेऊ शकत नाही. हाताची शक्ती कमी झालेल्या वृद्धांना अनेक पिस्तुलांची स्लाइड खेचताच येत नाही, हीदेखील दुर्लक्षिण्याजोगी गोष्ट नव्हे. उलट पक्षी रिव्हॉल्व्हरचा तोच जड चाप नेम हलवितो. खिशात मावावे म्हणून हलके केलेले रिव्हॉल्व्हर हाताला असा झटका देते की नवख्याला सरावाचीच धास्ती बसते. आणि ते क्वचित बिघडते हे खरे असले तरी बिघडले म्हणजे कारागिराकडेच न्यावे लागते. चक्राच्या जाडीमुळे ते कपड्यांखाली लपत नाही, ही तक्रारही खोटी नाही.

भारतात या वादाला वेगळे वळण मिळते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील व्यवस्थेत नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. एकोणिसशे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाल्यामुळे जुन्या विलायती शस्त्रांच्या किमती गगनाला भिडल्या. सामान्य परवानाधारकाची निवड पुष्कळशी पॉइंट ३२ बोअरच्या देशी शस्त्रांपुरती उरली : कानपूरचे रिव्हॉल्व्हर किंवा ईशापूरचे पिस्तूल. त्यांची काडतुसेही भिन्न. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब आणि बुडाशी कडा असलेले, पिस्तुलाचे आखूड. सहा गोळ्या विरुद्ध सात-आठ गोळ्या, एवढ्यावर येऊन ठेपलेल्या या स्पर्धेत संख्येचा युक्तिवाद जवळजवळ निकालात निघतो. शिवाय परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. जे पिस्तूल सरावाने हातात बसवावे लागते, त्याच्या सरावाला लागणारी काडतुसे आणि मैदाने, दोन्ही दुर्मिळ.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' नावाचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचाराची आठवण त्या नावात होती. किंमत सुमारे सव्वा लाख रुपये. यंत्र म्हणून निवड योग्यच होती, परंतु रात्रीच्या बसने घरी परतणाऱ्या कारकून स्त्रीला सव्वा लाख आणि परवाना या दोन्ही गोष्टी कोठून मिळणार, याचा विचार कोणी केलेला दिसला नाही. पर्समध्ये ठेवलेले हत्यार गर्दीत पर्ससह चोरीला जाते, हे तर लोकलने प्रवास करणारी कोणतीही स्त्री सांगू शकेल.

कायद्याची बाजूही तोलली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने खासगी बचावाचा हक्क जुन्या दंडसंहितेप्रमाणेच मान्य केला आहे, आणि जुनीच मर्यादाही कायम ठेवली आहे : बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत तो हक्क जात नाही. पहिली गोळी बचावाची ठरेल. हल्लेखोर पाठ फिरवून पळू लागल्यावर सुटलेल्या चौथ्या गोळीचा जाब न्यायालय स्वतंत्रपणे विचारील. ज्याचा चाप प्रत्येक गोळीला निश्चयाने ओढावा लागतो, त्या हत्याराचा धनी हा जाब देण्यास थोडा अधिक सिद्ध असतो.

नियमित सराव करणाऱ्या माणसाने पिस्तूल घ्यावे. त्याच्या हातात त्याचे गुण खुलतात आणि दोष आटोक्यात राहतात. परवाना घेऊन शस्त्र कपाटात ठेवणाऱ्या आणि महिन्यातून चार वेळा बँकेत रोकड नेताना ते बाहेर काढणाऱ्या व्यापाऱ्याने किंवा आडगावच्या डॉक्टराने रिव्हॉल्व्हर पत्करावे. दुकानदाराच्या देखरेखीखाली रिकाम्या शस्त्राचा चाप सुरक्षित दिशेने लागोपाठ दहादा ओढून पाहावा. त्या घरातला जो दुसरा प्रौढ माणूस कपाटाची किल्ली सांभाळणार असेल, त्यालाही बरोबर न्यावे आणि शस्त्र उघडून ते रिकामे आहे हे कोणाच्या मदतीवाचून दाखविण्यास सांगावे. त्याला ते जमले नाही, तर त्या दिवशी पैसे मोजू नयेत.