काळोखातले पाच तास

बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. त्यामुळे गेवराईच्या युवकाला वैमानिक व्हायचे असल्यास बारामती, शिरपूर किंवा गोंदियाजवळचे बिरसी गाठावे लागते. व्यावसायिक परवान्यासाठी देशात किमान 200 तासांचे उड्डाण आवश्यक आहे. त्यांपैकी रात्रीचे किमान केवळ पाच तास, म्हणजे शेकडा अडीच; त्यात स्वतःच्या जबाबदारीवर दहा उड्डाणे व दहा अवतरणे अपेक्षित असतात. हे पुरेसे आहे काय?

दिवसा वळण घेताना वैमानिक क्षितिजावरून पंखांचा कल जोखतो. काळोखात क्षितिजच नाहीसे होते. संथ वळणात कानातील संतुलनेंद्रिय विमान सरळ असल्याची खोटी ग्वाही देते. धावपट्टीपूर्वी दिवे नसलेली शिवारे असतील, तर आपण आहोत त्याहून उंच आहोत असा भास होऊन विमान वेळेआधीच खाली आणले जाते. अशा वेळी शरीराची साक्ष नाकारून उपकरणांवर विसंबणे, हेच खरे शिक्षण.

16 जुलै 1999 रोजी जॉन केनेडी (कनिष्ठ) यांचे छोटे विमान रात्री अटलांटिक महासागरात कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्यांच्या गाठीशी रात्रीचे सुमारे 55 तास होते. मात्र उपकरणाधारित उड्डाणाची पात्रता नव्हती. दिशाभ्रमामुळे विमानावरील ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

तेव्हा प्रश्न केवळ तासांचा नाही. शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी संस्थेला विचारावे : धावपट्टीवर रात्री दिवे लागतात काय आणि काळोखातील वळणे उपकरणांवर गिरवून घेतली जातात काय? पाच तास हा उंबरठा आहे, मुक्काम नव्हे.